पिवळा पाऊस आणि चौकशीची शिस्त

आकाशातून काही अनपेक्षित पडले की लोक प्रथम वर पाहतात आणि नंतर तहसील कचेरीकडे पाहतात. आपल्या देशातील जिल्हा प्रशासनाचे स्थानच असे आहे, की जे कोणाच्याही खात्यात बसत नाही ते अखेरीस त्याच्या टेबलावर येते. पूर, साथ, दंगल यांसाठी ठरावीक नियमावल्या आहेत. परंतु अंगणातील पानांवर, छपरांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर अचानक पिवळे ठिपके दिसू लागले तर काय करावे, हे कोणत्याही नियमपुस्तिकेत लिहिलेले नसते. अशा वेळी अधिकाऱ्याजवळ उरते ती केवळ चौकशीची शिस्त. ती शिस्त पाळली तर प्रकरण काही दिवसांत मिटते. ती सोडली तर त्याच ठिपक्यांवरून दोन महासत्ता वर्षानुवर्षे भांडू शकतात. हे अतिशयोक्तीने लिहिलेले नाही. गेल्या शतकाच्या आठव्या आणि नवव्या दशकांत नेमके असेच घडले, आणि त्या सर्व प्रकरणाच्या मुळाशी मधमाशांची एक साधी, परंतु फारशी कोणी न पाहिलेली सवय होती.

मोहोळाबाहेरचे एक विचित्र वर्तन

प्रथम त्या सवयीविषयी. आपल्याकडे मधमाशांच्या ज्या प्रमुख जाती आढळतात, त्यांपैकी आग्या, सातेरी आणि फुलोरी ही नावे ग्रामीण भागात सर्वांच्या परिचयाची आहेत. यांतील आग्या माशी आकाराने सर्वांत मोठी. शास्त्रज्ञ तिला एपिस डॉर्साटा म्हणतात. ती सातेरीप्रमाणे ढोलीत किंवा पेटीत राहत नाही. उंच झाडाच्या फांदीखाली, कड्याच्या कपारीला, पाण्याच्या टाकीला किंवा इमारतीच्या सज्जाला तिचे एकच प्रचंड पोळे उघड्यावर लोंबत असते. त्यावर हजारो कामकरी माश्या एकमेकींना बिलगून पडद्यासारख्या पसरलेल्या असतात. एकाच झाडावर अशी अनेक मोहोळे असणे ही भारतात आणि आग्नेय आशियात सर्रास दिसणारी गोष्ट आहे.

मधमाश्या आपल्या पोळ्यात मलविसर्जन करीत नाहीत. थंड प्रदेशांतील माश्या संपूर्ण हिवाळा विष्ठा पोटात साठवून ठेवतात आणि पहिल्या उबदार दिवशी बाहेर झेपावून ती टाकतात. बर्फावर पिवळे-तपकिरी ठिपके पडलेले पाहण्याची तेथील मधुपालांना सवय असते. उष्ण कटिबंधात असा हिवाळा नाही, त्यामुळे तेथील माश्या असे सामूहिक उड्डाण करीत असतील अशी कल्पना फार थोड्या जणांना होती. प्रत्यक्षात आग्या माश्या ते करतात. मोहोळावरील माश्यांचा मोठा भाग एकदम उडतो, काही मिनिटे उंच आकाशात फिरतो आणि खालच्या जमिनीवर पिवळ्या थेंबांची सर सोडून परत येतो. उंचीमुळे खाली उभ्या असलेल्या माणसाला माश्या दिसत नाहीत, त्यांचा आवाजही येत नाही. त्याला दिसतो तो निरभ्र आकाशातून पडणारा पिवळा पाऊस.

माश्या हे का करतात, याचे एक उत्तर १९८९ साली मार्डान आणि केव्हन या दोन संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले. मलेशियातील निरीक्षणांवरून त्यांनी असे दाखविले, की या उड्डाणात माश्यांचे वजन लक्षणीय प्रमाणात घटते आणि हलक्या झालेल्या शरीराला उष्णतेचा भार सोसणे सोपे जाते. पोळ्यातील अळ्यांसाठी तापमान सुमारे ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास राखावे लागते. उघड्यावरच्या पोळ्याला भर उन्हात हे साधण्यासाठी ज्या युक्त्या करणे भाग पडते, त्यांपैकी ही एक.

हे सर्व आज सोपे वाटते. १९८१ मध्ये ते सोपे नव्हते.

लाओसच्या डोंगरांतील आरोप

लाओसमधील मोंग या डोंगराळ जमातीतील अनेकांनी व्हिएतनाम युद्धाच्या काळात जनरल वांग पाओ यांच्या नेतृत्वाखाली, अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेच्या मदतीने, साम्यवादी फौजांशी लढा दिला होता. १९७५ मध्ये लाओसमध्ये साम्यवादी सत्ता आली. अमेरिका निघून गेली. मोंग मागे राहिले. त्यांच्यावर जे सूडसत्र सुरू झाले त्यात तोफगोळे, हवाई हल्ले, उपासमार आणि रोगराई हे सर्व होते. हजारो कुटुंबे मेकाँग नदी ओलांडून थायलंडमध्ये आली आणि बान विनाईसारख्या निर्वासित छावण्यांत विसावली.

या छावण्यांतून एक कहाणी वारंवार ऐकू येऊ लागली. विमाने येतात, पिवळी भुकटी किंवा पिवळे थेंब पडतात, त्यानंतर माणसे आणि जनावरे रक्त ओकून मरतात. १९७९ मध्ये अमेरिकी अधिकाऱ्यांनी आणि लष्करी डॉक्टरांच्या पथकाने निर्वासितांचे जबाब नोंदविले. कंबोडियातूनही तशाच तक्रारी आल्या. मग १३ सप्टेंबर १९८१ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी पश्चिम बर्लिनमध्ये जाहीर केले, की आग्नेय आशियात विषारी अस्त्रे वापरली गेल्याचा भौतिक पुरावा हाती आला आहे. हा पुरावा म्हणजे कंबोडियातून आणलेल्या एका वनस्पतीच्या पानाचा आणि देठाचा नमुना. त्यात ट्रायकोथेसीन गटातील बुरशीजन्य विषे सापडली होती. मार्च १९८२ मध्ये हेग यांनी आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचे उत्तराधिकारी जॉर्ज शुल्ट्झ यांनी सविस्तर अहवाल प्रसिद्ध केले. आरोप असा, की सोव्हिएत संघ ही विषे पुरवितो आणि लाओस व व्हिएतनामच्या फौजा ती वापरतात.

या आरोपाचे वजन वाचकांनी लक्षात घ्यावे. १९२५ चा जिनिव्हा करार आणि १९७२ चा जैविक व विषजन्य अस्त्रांवरील करार या दोहोंचा भंग झाल्याचे एका महासत्तेने दुसरीस जाहीरपणे सुनावले होते. शस्त्रनियंत्रणाचे करार मुळात पाळले जातात काय, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. अमेरिकेने १९६९ पासून रासायनिक अस्त्रांचे उत्पादन थांबविले होते. ते पुन्हा सुरू करावे असा आग्रह धरणाऱ्यांच्या हाती हा एक मोठा मुद्दा आला. १९८७ च्या डिसेंबरमध्ये ते उत्पादन खरोखरच पुन्हा सुरू झाले. त्या निर्णयामागे कारणे अनेक होती. परंतु वातावरण घडविण्यात पिवळ्या पावसाचा वाटा नाकारता येत नाही.

ठिपक्यांत सापडलेले परागकण

पिवळे ठिपके सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर एक अडचण उभी राहिली. १९८२ मध्ये ब्रिटनमधील आणि अन्य देशांतील प्रयोगशाळांच्या ध्यानात आले, की या ठिपक्यांचा मोठा भाग म्हणजे चक्क परागकण आहेत. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील परागतज्ज्ञ जोन नोविकी यांच्या तपासणीतही तेच दिसले.

येथे कोणत्याही चौकशी अधिकाऱ्याने थांबावयास हवे होते. अपेक्षित नसलेली वस्तू हाती लागली, तर मूळ गृहीतक पुन्हा तपासावे, हा प्राथमिक नियम आहे. प्रत्यक्षात उलट झाले. परागकण शत्रूने मुद्दाम मिसळले असावेत, त्यांच्या आकारामुळे विष माणसाच्या श्वसनमार्गात अडकून राहावे असा त्यामागे हेतू असावा, असे स्पष्टीकरण शासकीय तज्ज्ञांकडून पुढे आले. गृहीतक वाचविण्यासाठी दुसरे गृहीतक रचण्याचा हा प्रकार कचेरीतल्या कोणालाही ओळखीचा वाटेल. साठा-नोंदवहीत शंभर पोती कमी भरली, की ‘उंदरांनी खाल्ली असावीत’ असा शेरा येतो. मग उंदीर कोठून आले हे सांगण्यासाठी आणखी एक शेरा लिहावा लागतो.

परागकणांचे कोडे सुटले ते एप्रिल १९८३ मध्ये. हार्वर्ड विद्यापीठातील जीवरसायनशास्त्रज्ञ मॅथ्यू मेसेलसन यांनी केंब्रिज येथे एक बैठक बोलावली होती. त्यात वनस्पतिशास्त्रज्ञ पीटर ॲश्टन यांनी मधमाशांचा विषय काढला, आणि येल विद्यापीठातील मधमाश्यांचे अभ्यासक थॉमस सीली यांना विचारणा झाली. सीली यांनी पूर्वी थायलंडमध्ये या माश्यांचा अभ्यास केला होता. वर्णन ऐकताच त्यांनी सांगितले, की ही मधमाश्यांची विष्ठा दिसते.

तपासणीत एकेक दुवा जुळत गेला. परागकणांचे बाह्य कवच अत्यंत चिवट असते, ते पचत नाही. आतील प्रथिने मात्र माशीच्या पोटात पचून जातात. ठिपक्यांतील परागकण असेच आतून रिकामे होते. कारखान्यात परागकण गोळा करून, दळून, मिसळून अस्त्र बनविले असते, तर ते आतून भरलेले असते. शिवाय हे परागकण त्याच प्रदेशातील, कीटकांकडून परागीभवन होणाऱ्या वनस्पतींचे होते. सर्वांत बोलका पुरावा असा, की एकाच पानावरील शेजारशेजारच्या दोन ठिपक्यांतील परागकणांचे मिश्रण वेगवेगळे होते. एकाच टाकीतून फवारलेल्या द्रवात असे होणे शक्य नाही. वेगवेगळ्या फुलांवर बसून आलेल्या वेगवेगळ्या माश्यांच्या बाबतीत तेच अपेक्षित आहे. काही ठिपक्यांत मधमाश्यांच्या अंगावरील केसही सापडले.

तरीही एक रास्त आक्षेप उरत होता. ठिपके विष्ठेचे असतील. परंतु ते ‘पावसासारखे’ पडतात हे कोणी पाहिले आहे? या आक्षेपाला कागदावर उत्तर न देता मेसेलसन आणि सीली मार्च १९८४ मध्ये थायलंडला गेले. बँकॉकच्या कासेत्सार्त विद्यापीठातील मधमाशीतज्ज्ञ पोंगथेप अक्रतनकुल त्यांच्यासोबत होते. आग्या मोहोळे असलेल्या झाडांच्या परिसरात हिंडत असताना ही मंडळी स्वतःच अशा पिवळ्या सरीत सापडली. काही मिनिटे थेंब पडत राहिले. माश्या मात्र दिसत नव्हत्या. स्थळपाहणीचे महत्त्व सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

जबाब कसे घेतले गेले

ठिपक्यांचा प्रश्न सुटला, तरी माणसांचे जबाब उरत होते. शेकडो लोक सांगत असतील तर त्यात तथ्य असलेच पाहिजे, असे मानण्याकडे आपला कल असतो. प्रश्न असा, की त्यांना काय विचारले गेले आणि कोणाला विचारले गेले.

सुरुवातीच्या मुलाखती मुख्यतः अशाच लोकांच्या झाल्या, ज्यांनी आपण विषारी हल्ल्याचे बळी आहोत असे आधीच सांगितले होते. त्याच डोंगरांतून आलेल्या, परंतु असा दावा न करणाऱ्या लोकांना तुलनेसाठी विचारले गेले नाही. स्वतः पाहिलेले आणि दुसऱ्याकडून ऐकलेले यांत काटेकोर भेद केला गेला नाही. भाषा दुभाष्यांमार्फत, दुभाषेही निर्वासितांपैकी, आणि प्रश्न विचारणारा अधिकारी त्या देशाचा, ज्याच्या आश्रयावर निर्वासितांचे उर्वरित आयुष्य अवलंबून होते. रासायनिक विषासाठी मोंग लोकांत ‘केमी’ असा शब्द रूढ झाला होता. मेसेलसन यांच्या गटाने मधमाश्यांच्या विष्ठेचे ठिपके पडलेली पाने छावणीतील लोकांना दाखविली, तेव्हा बहुतेकांनी तीही ‘केमी’ असल्याचे सांगितले. हे लोक खोटे बोलत नव्हते. ज्यांनी खरोखर मृत्यू पाहिला होता, त्यांच्या मनात त्या मृत्यूशी पिवळ्या ठिपक्यांची गाठ बसली होती, आणि विचारणाऱ्यांनी ती सोडविण्याऐवजी अधिक घट्ट केली.

पुढे अमेरिकी शासनाने स्वतःच परराष्ट्र आणि संरक्षण या दोन खात्यांचे एक संयुक्त पथक बँकॉकमध्ये नेमले. १९८३ ते १९८५ या काळात या पथकाने पूर्वीच्या काही साक्षीदारांना पुन्हा गाठले. अनेक दावे दुसऱ्या चौकशीत टिकले नाहीत. काही ऐकीव निघाले. शासनाच्याच लष्करी रसायन प्रयोगशाळेने बहुसंख्य नमुने तपासले, तिला ट्रायकोथेसीन विषांची पुष्टी देता आली नाही. ब्रिटनच्या पोर्टन डाऊन येथील प्रयोगशाळेसही आपल्या नमुन्यांत ती आढळली नाहीत. ही विषे निर्माण करणारी फ्युझेरियम बुरशी आग्नेय आशियात नैसर्गिकरीत्याही वाढते, हेही पुढे स्पष्ट झाले. पहिल्या अहवालांची मांडणी मात्र नेमकी याच्या उलट समजुतीवर उभी होती. हे सर्व कागद गोपनीयतेतून बाहेर आल्यावर ज्युलियन रॉबिन्सन, समाजशास्त्रज्ञ जीन गिलेमिन आणि मेसेलसन यांनी १९८७ मध्ये ‘फॉरिन पॉलिसी’ या नियतकालिकात त्यांचा परामर्श घेतला.

अमेरिकी शासनाने मूळ आरोप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला नाही. २००७ मध्ये काही अभ्यासकांनी खुल्या झालेल्या दस्तऐवजांच्या आधारे असेही मांडले, की ठिपके बाजूला ठेवले तरी काही प्रकारचे विषारी हल्ले झाले असावेत. वादाची ही बाजू नोंदविणे न्याय्य आहे. परंतु ज्या भौतिक पुराव्याच्या जोरावर १९८१ मध्ये आरोप जाहीर झाला, तो पुरावा शास्त्रीय तपासणीत टिकला नाही, याबद्दल आज बहुतेक शास्त्रज्ञांत दुमत नाही.

जे आधीच लिहिलेले होते

या प्रकरणातील सर्वांत खेदाची बाब निराळीच आहे. १९७६ च्या सप्टेंबरमध्ये चीनच्या जिआंगसू प्रांताच्या उत्तर भागात पिवळा पाऊस पडला होता. लोक घाबरले. चिनी शास्त्रज्ञांनी तपास करून तो मधमाश्यांच्या विष्ठेचा असल्याचा निष्कर्ष काढला आणि १९७७ मध्ये तो एका चिनी विज्ञानपत्रिकेत प्रसिद्धही केला. म्हणजे हेग यांच्या भाषणाच्या चार वर्षे आधी उत्तर छापील स्वरूपात उपलब्ध होते. ते कोणी शोधले नाही. प्रत्येक सचिवालयाच्या अभिलेखागारात अशी कितीतरी उत्तरे धूळ खात असतील. नवी समिती नेमण्यापूर्वी जुनी नस्ती पाहावी, हा नियम आपण शिकतो आणि विसरतो.

भारतातील दोन प्रसंग

आपल्या देशातही अशा प्रसंगांची नोंद आहे. २००१ च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये केरळात, विशेषतः कोट्टायम आणि इडुक्की जिल्ह्यांत, लाल पाऊस पडला. तिरुवनंतपुरमच्या भूविज्ञान अध्ययन केंद्राने आरंभी उल्केच्या स्फोटाची शक्यता वर्तविली होती. पुढे त्याच केंद्राने उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेची मदत घेतली, आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये दोघांच्या संयुक्त अहवालाने सांगितले, की लाल रंग ट्रेंटेपोहलिया या शैवालाच्या बीजाणूंचा आहे. पहिला अंदाज चुकीचा ठरला यात नामुष्की नव्हती; तो काही दिवसांत बाजूला ठेवण्याची तयारी होती, हे महत्त्वाचे. एका खात्याने दुसऱ्या विद्याशाखेचे दार ठोठावले आणि उत्तर मिळाले.

त्यानंतर वर्षभराच्या आतच, जून २००२ मध्ये, पश्चिम बंगालमधील संग्रामपूर येथे हिरवट-पिवळ्या थेंबांची सर पडली. रासायनिक अस्त्राची किंवा विषारी प्रदूषणाची भीती तेथेही व्यक्त झाली. थेंब तपासले गेले. त्यांत आंबा आणि नारळ यांचे परागकण होते. ही आग्या माश्यांच्या थव्याची विष्ठा होती. बातमी काही दिवस चालली आणि संपली. कोणावर आरोप झाला नाही, कोणी गाव सोडले नाही.

लाओस आणि संग्रामपूर यांत माश्या त्याच, वर्तन तेच, ठिपके तेच, लोकांची भीतीही जवळजवळ तीच होती. फरक एवढाच, की एका ठिकाणी ‘हे काय आहे?’ असा प्रश्न प्रयोगशाळेपुढे ठेवला गेला. दुसऱ्या ठिकाणी ‘हे विष आहे हे सिद्ध करा’ असा.

प्रशासनासाठी काही सूत्रे

या इतिहासातून आपल्या कामापुरते काही निष्कर्ष काढता येतात.

पहिला, नमुन्याचा. संशयित पान मोहोरबंद करताना गावाबाहेरचे, जेथे काहीच तक्रार नाही अशा ठिकाणचे पानही त्याच पद्धतीने मोहोरबंद करावे. तुलनेचा नमुना नसेल तर प्रयोगशाळेचा अहवाल कितीही आकडेबद्ध असला तरी अपुरा असतो. पंचनाम्यात वेळ, वाऱ्याची दिशा, जवळची झाडे आणि त्यांवरील मोहोळे यांची नोंद असावी. नमुना कोणाच्या हातून कोणाकडे गेला याची साखळी अखंड असावी.

दुसरा, प्रयोगशाळेचा. एकाच प्रयोगशाळेच्या एका निष्कर्षावर मोठा निर्णय उभा करू नये. दुसऱ्या प्रयोगशाळेला पहिलीचा निष्कर्ष न कळविता नमुना पाठवावा. १९९७ मध्ये अंमलात आलेल्या रासायनिक अस्त्रबंदी कराराखालील आंतरराष्ट्रीय संघटनेने ही शिस्त आपल्या कार्यपद्धतीतच बांधून घेतली आहे. तिचे नमुने एकाहून अधिक मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत तपासले जातात. भारताने या करारासाठी २००० साली स्वतंत्र अधिनियम केला आणि राष्ट्रीय प्राधिकरण मंत्रिमंडळ सचिवालयात ठेवले. त्यामुळे हा विषय आपल्यासाठी केवळ परदेशी इतिहासाचा नाही.

तिसरा, जबाबाचा. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम १४१ ते १४३ मध्ये सूचक प्रश्नांविषयी तरतुदी होत्या. १ जुलै २०२४ पासून त्या अधिनियमाची जागा घेतलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्येही त्या आहेत. न्यायालयात वकील सूचक प्रश्नाला हरकत घेतो. गावाच्या चावडीवर जबाब घेणाऱ्या मंडळ अधिकाऱ्याला हरकत घेणारे कोणी नसते, म्हणून त्याने ती स्वतःच घ्यावी. ‘विमान कोणत्या दिशेने आले?’ असे विचारण्यापूर्वी ‘त्या दिवशी काय काय पाहिले?’ असे विचारावे. तक्रारदाराइतकेच शेजाऱ्यालाही विचारावे.

चौथा, तज्ज्ञांचा. पिवळ्या पावसाच्या चौकशीत डॉक्टर, रसायनतज्ज्ञ, गुप्तचर अधिकारी आरंभापासून होते. मधमाशीतज्ज्ञ नव्हता, कारण प्रश्न मधमाश्यांचा आहे हे कोणाला ठाऊक नव्हते. अज्ञात प्रसंगी तज्ज्ञांचे वर्तुळ थोडे सैल ठेवावे. कृषी सहायक, वनरक्षक, गावातील मध काढणारा यांना त्याच दिवशी बोलवावे. आग्या मोहोळाखाली पाने पिवळी होतात हे मध काढणाऱ्याला संशोधनपत्रिका न वाचताही माहीत असण्याची शक्यता बरीच असते.

पाचवा, जाहीर निवेदनाचा. पूर्ण तपासापूर्वी मोठ्या व्यासपीठावरून केलेले विधान मागे घेणे जवळजवळ अशक्य होते. त्यानंतरची संपूर्ण यंत्रणा ते विधान खरे ठरविण्याच्या कामी लागते. कोणी कट केला म्हणून तसे होत नाही; वरिष्ठांचे बोलणे खाली जाता जाता आदेश बनते म्हणून होते.

खरे दुःख, चुकीचे कारण

येथे लेख संपविला तर तो अपुरा राहील. ठिपके मधमाश्यांचे होते, हे सिद्ध होण्याने मोंग लोकांचे मृत्यू खोटे ठरत नाहीत. ते गोळ्यांनी, बॉम्बनी, भुकेने, अतिसाराने आणि तापाने मेले; मेकाँग ओलांडताना बुडाले. २०१२ मध्ये अमेरिकेतील ‘रेडिओलॅब’ या नभोवाणी कार्यक्रमाने या विषयावर एक भाग केला. त्यात मोंग लेखिका काओ कालिया यांग आणि त्या डोंगरांतून वाचून आलेले त्यांचे काका सहभागी झाले होते. निवेदकांनी काकांना पुन्हा पुन्हा छेडले, की पिवळे थेंब विमानातून पडताना तुम्ही प्रत्यक्ष पाहिले काय. लेखिकेला अश्रू आवरेनात, आणि मुलाखत तेथेच थांबली. कार्यक्रमावर मोठी टीका झाली. निवेदकांपैकी रॉबर्ट क्रुलविच यांनी आपल्या सुराबद्दल पुढे क्षमा मागितली.

शास्त्रीय दृष्ट्या निवेदकांचा प्रश्न अयोग्य नव्हता. परंतु ज्याचे गाव नाहीसे झाले त्याला तो प्रश्न असा ऐकू येतो, की तुझे माणूस मेलेच नाही. १९७९ च्या अधिकाऱ्यांनी मोंग लोकांचे जबाब त्यांच्या दुःखासाठी घेतले नव्हते. त्यांना हवा होता तो विषाचा पुरावा. पुढे विष खोटे ठरले तेव्हा त्या जबाबांबरोबर दुःखही निकाली निघाले. त्यांच्यावर झालेल्या साध्या, सर्वपरिचित शस्त्रांच्या अत्याचाराची तितक्याच तत्परतेने चौकशी करावी, असे कोणत्याही राजधानीस वाटले नाही. ढिलाईने केलेली चौकशी आरोपीवर अन्याय करते हे आपण नेहमी ऐकतो. ती तक्रारदारावर त्याहून मोठा अन्याय करते, कारण तिच्या पडझडीनंतर त्याचे खरे म्हणणे ऐकून घेण्यास कोणी तयार राहत नाही.

म्हणून अशा तक्रारीच्या नस्तीवर दोन स्वतंत्र परिच्छेद असावेत. पहिल्यात लोकांनी काय सोसले याची नोंद असावी, दुसऱ्यात ते कशामुळे घडले याचा तपास. दुसऱ्याचा निष्कर्ष काहीही निघो, पहिल्यावरची कार्यवाही त्यासाठी थांबू नये. आजाऱ्याला दवाखान्यात पोहोचविणे, पिण्याच्या पाण्याची तपासणी करणे, भयभीत गावात एखादा जबाबदार अधिकारी मुक्कामी ठेवणे, यांसाठी परागकणांच्या अहवालाची वाट पाहावी लागत नाही.